पार्ल्यातल्या गल्लीची झाडं: उन्हाळ्यानंतरचा अपडेट

तर मंडळी, उन्हाळा निघाला एकदाचा! हनुमान रोडच्या आसपास गेल्या पावसाळ्यात लावलेली बहुतेक रोपं तग धरून आहेत आणि एका ताम्हणाला तर मे महिन्यात चक्क जांभळा तुरा आला, राज्यफूल आपल्या दारात फुललं म्हणून अख्खी बिल्डिंग फोटो काढत होती. बकुळ सावकाश वाढतेय, वाढू दे, पुढे सावली दाट मिळणार. करंज सगळ्यात दणकट, फक्त मार्चच्या सुमारास पानं झडली की लोकांना वाटतं मेलं. उपटू नका प्लीज, खोड नखाने जरासं खरवडून बघा, आत हिरवं दिसलं की जिवंत आहे.

रोप लावायला लोक खूप येतात, पण मुंबईत पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडून जातो, त्यामुळे खरी परीक्षा फेब्रुवारी ते मे. पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय आम्ही आता खड्डाच खणत नाही. यंदा दोन बिल्डिंगवाल्यांनी एसीच्या पाइपखाली बादल्या लावल्या, ते पाणी झाडांना चालतं, आरओ फिल्टरने बाहेर सोडलेलं पाणी मात्र टाळतो कारण त्यात क्षार जास्त. इस्त्रीवाले काका दुकानासमोरच्या झाडाला रोज सकाळी न चुकता घालतात, त्यांचं झाड सगळ्यांत उंच झालंय.

खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. फुटपाथखाली निम्मं डेब्रिजच निघतं, ते काढून लाल माती, शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड. केबल आणि गॅसची लाइन कुठून जाते ते वॉर्डच्या उद्यान खात्याकडून परवानगी घेतानाच विचारून घ्या. आधाराला बांबू, आणि गोणपाटाची पट्टी इंग्रजी आठच्या आकारात सैल बांधायची, सुतळी किंवा तार खोडात रुतते.

आता सगळ्यात जास्त जीव तुटतो ते सांगतो. जुन्या झाडांच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक! मुळांना पाणी नाही हवा नाही, मग वादळात झाड पडलं की दोष झाडाला. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाचे खटले चालवणारं न्यायपीठ) २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं, आपल्याकडे तेवढं जरी सगळीकडे झालं तरी किती झाडं वाचतील. आमच्या कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाचं आळं परवानगी काढून मोकळं केलं, मुळं दुखवू नयेत म्हणून पहार न घालता हातानेच ब्लॉक उचलले, वर पालापाचोळा पसरला. पहिल्याच पावसात पाणी तिथे मुरताना बघितलं आणि खूप बरं वाटलं.

यावेळी शाळेच्या बाजूला बहावा आणि उंडी लावायचा विचार आहे. रोपं सहा फुटांच्या वरचीच हवीत, लहान रोपं फुटपाथवर टिकत नाहीत. उंडीची चांगली रोपं कुठे मिळतात माहीत असेल तर कळवा, जुलै संपायच्या आत लावून टाकायचीयेत.