फिटिंगच्या कामासाठी बॅटरीचा जिगसॉ घेताना

बदलापूरला चौथ्या मजल्यावर एक किचन लावत होतो. बिल्डिंग नवी, लिफ्ट अजून सुरू व्हायची होती आणि फ्लॅटमध्ये मीटर लागला नव्हता. जिन्यातल्या एका पॉइंटवरून दोन एक्स्टेंशन बोर्ड जोडून वायर आत आणली होती. फ्रिजशेजारच्या उंच युनिटच्या साईडला बीमसाठी एल आकाराचा खाचा मारायचा होता. कॅरकसचा, म्हणजे युनिटच्या मूळ खोक्याचा, 18 मिमीचा बोर्ड, त्यावर बाहेरून तेवढ्याच जाडीचा दिसणारा पॅनल, म्हणजे एकूण 36 मिमी. दोन्ही एकत्र क्लॅम्प केले, रेघ मारली आणि जुन्या वायरच्या जिगसॉने, म्हणजे अरुंद पातं खालीवर करत कापणाऱ्या करवतीच्या मशीनने, कापलं. वर रेघेवर तंतोतंत. उलटं करून बघितलं तर पातं खाली चार मिमी बाहेर पळालेलं, आणि दिसणाऱ्या बाजूला लॅमिनेटचे टवके. युनिट जागेवर सरकवल्यावर बीमशेजारी जी फट दिसली, ती मी सिलिकॉनने भरली. घरच्या काकू काही बोलल्या नाहीत. पण त्या फटीकडे दोनदा बघून गेल्या, ते मला दिसलं.

त्या रात्री डोंबिवलीला परतताना ठरवलं की आता बॅटरीचा चांगला जिगसॉ घ्यायचाच. घ्यायला तीन आठवडे लागले, कारण दुकानात पहिला प्रश्न येतो ‘किती वॉटचा?’ आणि दुसरा ‘किती मिमी कापतो?’. फिटिंगवाल्याच्या कामात या दोन्ही प्रश्नांची उत्तरं फारशी उपयोगाची नाहीत. सरळ लांब कापायला माझ्याकडे सर्क्युलर सॉ आणि रेल आहे. जिगसॉ बाहेर निघतो तो खाच्यांसाठी, चिमणीच्या सहा इंची पाइपच्या भोकासाठी, युनिट आणि भिंतीमधली फट झाकणाऱ्या फिलर पट्टीसाठी, स्कर्टिंगला फरशीच्या उंचवट्याप्रमाणे बसवण्यासाठी. हे सगळं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर राहणारं काम आहे. म्हणून माझा प्रश्न एकच होता: पातं वर जिथे आहे तिथेच खाली राहतं का?

जिगसॉचं पातं फक्त वरच्या टोकाला धरलेलं असतं, खालचं टोक मोकळं. शिलाई मशीनच्या सुईसारखं. आणि ते खरंच तिथूनच आलं आहे. 1946 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतल्या आल्बर्ट काउफमान यांनी बायकोच्या शिलाई मशीनमध्ये सुईच्या जागी करवतीचं पातं लावून बघितलं, त्यातून हे मशीन जन्मलं. सुई कापडातून जाते तेव्हा तिला आडवा जोर नसतो. आपण मात्र मशीन पुढे ढकलतो, वळवतो, आणि मोकळं टोक वाकतं. बोर्ड जितका जाड तितकं जास्त. हे थांबवायला पात्याच्या मागे एक छोटा रोलर असतो. तो रोलर पात्याला नीट टेकतो की ढिला खेळतो, यावर निम्मं काम ठरतं. माझ्या जुन्या मशीनचा रोलर घासून गेला होता. ते मला बदलापूरनंतर कळलं.

मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलो तेव्हा पिशवीत दोन्ही बाजूंनी लॅमिनेट असलेले बोर्डाचे दोन तुकडे, काटकोन तपासायचा गुण्या आणि पेन्सिल घेऊन गेलो. तीन दुकानांत कापून बघू देईनात. चौथ्या दुकानातले मालक म्हातारे, म्हणाले, ‘कापा ना, लाकूड तुमचंच आहे.’ प्रत्येक मशीनने आधी तुकड्यावर एक इंग्रजी एस काढला आणि कापलेल्या कडेला गुण्या लावला. सरळ कापात बहुतेक मशीन पास होतात, वळणावर खरी परीक्षा होते. मग मशीन काउंटरच्या काचेवर उभं करून बेसचे, म्हणजे बोर्डावर टेकणाऱ्या तळाचे, चारही कोपरे दाबले. एका मशीनचा पत्र्याचा बेस नव्या खोक्यातून काढलेला असूनही डुगडुगत होता. ओतीव ॲल्युमिनियमचा बेस असेल तरच घ्या, असं मी कुणालाही सांगेन. पत्र्याचा बेस एकदा स्टुलावरून पडला की वाकतो, आणि मग 90 अंश कधीच मिळत नाही.

हँडल कुठलं घ्यावं यावर मी बराच अडलो. एक प्रकार वरून मुठीचा, दुसरा सरळ अंगालाच धरायचा, दंडगोल. दंडगोल प्रकारात हात लाकडाच्या जवळ राहतो, मशीन डोलत नाही, आणि उलटं धरून खालून कापता येतं. वॉर्डरोबच्या कॉर्निसचे जोड जुळवणारे कारागीर त्याचीच बाजू घेतात आणि ते बरोबर आहेत. पण या प्रकारात बऱ्याचदा चालू-बंदचं बटण आणि स्पीडची चकती वेगळी असते. मला लॅमिनेटवर पहिला दात टेकवताना बोटाने स्पीड हवा असतो, हळू सुरू करून मग वाढवायचा. मुठीच्या मशीनचा ट्रिगर तो देतो. ज्याचं काम मुख्यतः कॉर्निस आणि बीडिंगचं आहे त्याने दंडगोल घ्यावा. किचन लावणाऱ्याने ट्रिगर घ्यावा, असं माझं मत आहे.

व्होल्टेजचंही तसंच. 12 व्होल्टचं बॉशचं जीएसटी 12व्ही-70 हे मॉडेल हातात घेतलं तर सोडवत नाही इतकं आटोपशीर. स्ट्रोक, म्हणजे पातं खालीवर जितकं सरकतं ते अंतर, मात्र 18 मिमीचा. बॉशच्याच 18 व्होल्टच्या जीएसटी 18 व्ही-एलआयचा 23, मकिताच्या डीजेव्ही 180 चा 26. स्ट्रोक मोठा म्हणजे पात्याचे जास्त दात कामाला लागतात आणि भुसा कापातून बाहेर येतो. 18 मिमीच्या एकाच बोर्डाला छोटा पुरतो. माझ्यासारखं दोन बोर्ड एकत्र कापायचे असतील तर भुसा आत अडकतो, पातं तापतं, कड काळी पडते.

शेवटी मकिताचं डीजेव्ही 182 घेतलं, नुसती बॉडी, बॅटरी-चार्जरशिवाय, कारण माझे दोन्ही ड्रिल मकिताचे आहेत आणि चार्जर घरी होताच. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीच्या बॅटऱ्या असतील तर त्याच कंपनीचं घ्या, उगीच दोन चार्जर वागवू नका. ब्रशलेस आहे, म्हणजे मोटरमध्ये कार्बन ब्रश नाहीत, स्ट्रोक 26 मिमी. पातं हवेत असताना सावकाश चालतं आणि लाकडाला लागलं की स्पीड घेतं, त्यामुळे रेघेवर पातं टेकवताना ते नाचत नाही. बेस तिरका करायला ॲलन कीने बोल्ट सैल करावा लागतो, हे मला खटकतं. बॅटरी मी छोटीच लावतो. 5 एएचची (ॲम्पियर-अवर) मोठी लावली की मशीन मागे जड होतं. आणि माझी सगळी हत्यारं लोकलच्या मालडब्यातून जातात, प्रत्येक पाव किलो खांद्याला कळतो.

पात्यांबद्दल मात्र जीव तोडून सांगतो. मशीनवर हजारो रुपये घालून खोक्यातलं फुकटचं पातं वापरणारे कारागीर मी रोज बघतो. जिगसॉच्या नेहमीच्या पात्याचे दात वरच्या दिशेने असतात, म्हणून टवके वरच्या, म्हणजे बेसच्या बाजूला उडतात. बोर्ड हातात असेल तर चांगली बाजू खाली ठेवून मागून कापा, प्रश्न मिटला. पण बॉक्स लागून झाला आणि कापायचं पुढूनच आहे, तेव्हा उलट्या दातांचं पातं लागतं, टी 101 बीआर. ते खाली जाताना कापतं, त्यामुळे मशीनला वर उचलतं. दोन्ही हातांनी बेस दाबून धरावा लागतो आणि पेंड्युलम, म्हणजे पात्याला पुढे-मागे झुलवणारी सोय, शून्यावर. त्या पात्याने आतल्या बाजूला थोडं उसकटतं, ते चालतं. बारीक वळणांना टी 101 एओ. ते अरुंद आहे, म्हणून सरळ रेघेवर भरकटतं, तिथे वापरू नका. रेघेवर मास्किंग टेप आणि बेसच्या खालीही टेप, नाहीतर ॲक्रिलिकच्या शटरवर ओरखडे पडतात. पातं बोथट झाल्याचा आवाज येतो, कुरकुर बदलून किंचाळायला लागतं. तेव्हा लगेच बदला. पाच पात्यांचं पाकीट एका पॅनलपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

फिलर पट्टीचं सांगायलाच हवं, कारण माझ्या दृष्टीने जिगसॉ घेण्याचं खरं कारण तीच आहे. आपल्याकडच्या प्लास्टरची भिंत वरपासून खालपर्यंत ओळंब्यात मिळाली असं क्वचितच होतं. पट्टी भिंतीला टेकवून उभी करायची, कंपास सर्वांत मोठ्या फटीएवढा उघडायचा आणि भिंतीला टोक घासत रेघ खाली आणायची. मग बेस दोन-तीन अंश तिरका करायचा, असा की पट्टीची मागची कड पुढच्यापेक्षा थोडी आत जाईल. आता भिंतीला फक्त पुढची बारीक धार लागते. कुठे अडलं तर कानशीने दोन हात मारले की बसते. बाबा हेच काम रंध्याने आणि पटाशीने करायचे, त्यांना एका पट्टीला अर्धा तास लागायचा. मला दहा मिनिटं लागतात. त्यांच्याइतकी बेमालूम अजून बसत नाही, पण जवळ आलो आहे.

एका ठिकाणी मात्र जिगसॉ लावू नका, मशीन कितीही चांगलं असो. भिंतीवर लागलेल्या बॉक्सच्या पाठीत प्लग पॉइंटसाठी खिडकी कापायची असते तिथे. पात्याचा दातांचा भागच 75 मिमी लांब, पाठीमागे भिंत बोटभर अंतरावर. पातं भिंतीवर ठोकतं, वाकतं, आणि मागे गॅसची तांब्याची नळी किंवा लाईटची वायर असेल तर जिवावर बेतेल. तिथे मल्टीटूल (छोटं सपाट पातं थरथरवत कापणारं मशीन), नाहीतर बॉक्स लावायच्या आधीच माप घेऊन कापून घ्या.

नव्या मशीनचा पहिला आठवडा संपला त्या रविवारी बदलापूरला फोन केला. काकूंना म्हटलं, फ्रिजशेजारचा तो पॅनल बदलून देतो, पैसे नकोत. त्याच शेडचं लॅमिनेट मिळालं होतं. या वेळी पॅनल एकटा कापला, मागून, नव्या पात्याने. कापून झाल्यावर खाच्याच्या कडेला गुण्या लावला, मग बीमला लावून बघितला. व्हिजिटिंग कार्ड आत जाईना. काकूंनी चहा ठेवला, आणि मी जुनं सिलिकॉन खरवडायला बसलो.