रामकुंडावरची वही

‘आडनाव काय? गाव कोणतं?’

गाडी लावून गोदाघाटाच्या पायऱ्या उतरेपर्यंत हा प्रश्न आम्हाला चौघांनी विचारला. आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की समोरचा एकतर ‘या’ म्हणतो, नाहीतर हात करून दुसऱ्या गल्लीकडे पाठवतो. कोणत्या घराण्याची नामावळी, म्हणजे तीर्थाला आलेल्यांच्या नोंदींची वही, पंचवटीतल्या कोणत्या तीर्थोपाध्यांकडे, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं आहे. आम्हाला तिसऱ्या गल्लीत जायचं होतं. बुधवार होता, घाटावर बाजार भरलेला, आणि चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या मेथीच्या जुड्यांमधून काठी टेकत चाललेली. दुतोंड्या मारुतीपाशी ती थांबली. ‘पुरात याच्या कुठवर पाणी आलं त्यावरून नाशिककर पूर मोजतात,’ असं तिनं मला सांगितलं. मला ते माहीत होतं, पण आत्याला ‘माहितीये’ म्हणण्याची आमच्याकडे पद्धत नाही.

पुण्याहून आम्ही पहाटे निघालो होतो. आतेभाऊ गाडी चालवत होता, आत्या मागे आडवी. आळेफाट्याला चहा, चंदनापुरीच्या घाटात धुकं, बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कामही तसं छोटं होतं. घराण्याच्या माहितीची एक पुस्तिका करून नातेवाइकांना वाटायचं मी ठरवलं होतं, आणि तिच्यात छापायला नामावळीतल्या एका पानाचा चांगला फोटो हवा होता.

फोटो माझ्याकडे होता म्हणा. २०१५ च्या सिंहस्थात एका चुलतभावाने मोबाइलवर काढलेला, तिरका, वरचा भाग कापलेला. मोडी मी पुण्यात एका वर्गात शिकले होते. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, बोरू शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे एक ओळ म्हणजे एक लांबच लांब शब्द वाटतो. महिनाभर भिंग घेऊन बसल्यावर मला एवढं लागलं: कालयुक्तनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, आमच्या पूर्वजाचं नाव, ‘बिन’ त्याच्या वडिलांचं नाव, पुढे बहुधा आणखी चार नावं. शकाचा आकडा होता तिथे पाण्याचा डाग.

संवत्सरं म्हणजे पंचांगातल्या वर्षांची नावं, एकूण साठ. साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. कालयुक्त म्हणजे शके १७८०, १८४० किंवा १९००. त्यात ७८ मिळवले की १८५८, १९१८, १९७८. मोडी आहे म्हणजे १९७८ बाद. उरलेल्या दोहोंतलं मी १८५८ निवडलं. का, तर नोंदीतली दोन्ही नावं माझ्या पणजोबांच्या आजोबांशी आणि त्यांच्या वडिलांशी जुळत होती, आणि खरं सांगायचं तर १८५७ च्या धामधुमीनंतर वर्षभरात आपला कुणीतरी गोदाकाठी आला होता हे मला फार आवडलं. मी ते घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. एका पुतण्याने शाळेत त्यावर भाषणही केलं. बक्षीस मिळालं.

गुरुजींचं घर जुन्या वाड्यात, वर जायला अंधारा लाकडी जिना. आत्या वर येईपर्यंत त्यांनी लाल फडक्यात बांधलेली बाडं काढून ठेवली होती. वही आपल्या वहीसारखी नसते. लांबट, अरुंद, एका टोकाला शिवलेली, पान वर उलटायचं. गावांची अनुक्रमणिका वेगळी. माझ्या फोनमधला फोटो त्यांनी पाहिला, ‘अर्धवट काढलाय’ म्हणाले आणि पाच मिनिटांत ते पान समोर ठेवलं.

‘अठराशे अठ्ठावन्न ना गुरुजी?’ मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पानाचा कोपरा दोन बोटांत धरून उजेडाकडे केला. ‘हा गिरणीचा कागद आहे. जुना हातकागद असा नसतो, तो बघा.’ त्यांनी दुसरं बाड पुढे सरकवलं. त्याचं पान जाड, पिवळसर, हाताला कापडासारखं. ‘आणि हे टाकानं लिहिलंय. बोरूची रेघ एवढी बारीक येत नाही.’ मग माझ्या फोटोत कापली गेलेली वरची नोंद त्यांनी बोटाने दाखवली. त्याच हाताची, दुसऱ्या कुणा घराण्याची. तिच्यावर आकडा स्पष्ट होता: शके १८३६.

म्हणजे आमची नोंद शके १८४०. डिसेंबर १९१८.

माझं नावाचं गणित कुठे चुकलं ते तेव्हा लक्षात आलं. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायचे. दोनच नावं, आलटून पालटून. अमुक बिन तमुक, त्याचा मुलगा तमुक बिन अमुक, त्याचा पुन्हा अमुक बिन तमुक. दोन पिढ्या म्हणजे साधारण साठ वर्षं. संवत्सर फिरून येतं तेव्हा आमच्या घरात तेच नाव फिरून आलेलं असतं. सही करणारे पणजोबांचे आजोबा नव्हते, त्या आजोबांचे नातू होते. माझे पणजोबा. आत्याचे आजोबा.

तारीख बदलली आणि नोंदच बदलली. ओळीतल्या ज्या चार नावांना मी सोबत आलेली मंडळी समजले होते, त्यांच्या आधी एक आखूड शब्द होता. तो मला लागलाच नव्हता. गुरुजींनी वाचला: ‘मयत.’ पणजोबांचे वडील, पणजोबांचे दोन भाऊ, आणि चौथं नाव नव्हतंच, नुसतं ‘धाकट्याचे कुटुंब’, म्हणजे धाकट्या भावाची बायको. चौघांच्या अस्थी घेऊन तो माणूस एकटा रामकुंडावर आला होता.

१९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझाची साथ कळसाला पोचली होती. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली. १९११ ते १९२१ या दशकात भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि त्यानंतर असं पुन्हा कधी झालेलं नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. आपल्या घरातलं कुणी त्यात असेल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

‘म्हणजे मानमोडीची साथ,’ आत्या म्हणाली. ‘आई म्हणायची, हे घर मानमोडीच्या आधीचं, ती विहीर मानमोडीच्या नंतरची. मला वाटायचं एखाद्या वळूचं नाव असेल.’

गुरुजी हसले नाहीत. त्यांच्या वह्यांमध्ये त्या एका वर्षाची पानं किती आहेत ते त्यांनी हाताने दाखवलं. अंगठा आणि तर्जनीमध्ये चांगलं बोटभर अंतर होतं.

फोटो त्यांनी आमच्याच नोंदीचा काढू दिला, वरखालच्या नोंदींवर कागद ठेवून. ‘दुसऱ्यांची नावं तुमच्या फोनमध्ये कशाला?’ मला हे पटलं. मग नवीन नोंद. आतेभावाने मुलांची, पुतण्यांची नावं सांगितली. मी म्हटलं, मुलींची? गुरुजी म्हणाले, ‘लिहा की. हल्ली बरेच जण लिहितात. सांगत नव्हते म्हणून लिहीत नव्हतो.’ माझं, बहिणीचं, चार भाच्यांचं, पुतणीचं नाव लिहिलं. खाली सही आत्याने केली. आधी सासरच्या नावाने सुरू केली, दोन अक्षरांवर थांबली, ‘इथे माहेरचं लागेल ना?’ म्हणाली. गुरुजी म्हणाले, ‘आजी, तुम्हाला वाटेल ते करा, वही तुमची आहे.’ तिने दोन्ही केल्या.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकला गेलो. तिथेही नामावळी सापडली, पण आमच्या त्या पिढीचं काही नव्हतं. कुशावर्तावर आत्याने पाय धुतले, ब्रह्मगिरी ढगात होता, परतलो.

येताना वाट वाकडी करून तालुक्याच्या गावी थांबलो. जुन्या महसुली दप्तरात गाव नमुना चौदा असतो, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. ज्यांना आपल्या घरचं शोधायचंय त्यांनी आधी तिथे जावं असं माझं मत आहे, कारण नामावळीत फक्त तीर्थाला गेलेल्यांची हकीकत मिळते. गावातून न हललेले सापडतात ते कोतवाल बुकात. शाळेतला दाखलखारजा, म्हणजे मुलं शाळेत आली-गेली त्याचं रजिस्टर, तोही उपयोगी पडतो. दोन फेऱ्या आणि एक अर्ज खर्ची पडल्यावर १९१८ चं पुस्तक पाहायला मिळालं. मृत्यूच्या कारणाचा रकाना वरून खालपर्यंत एकाच शब्दाने भरलेला: ताप, ताप, ताप. पुढे पुढे लिहिणाऱ्याने तोही सोडून नुसत्या खुणा केल्यात. आमचे चौघे एकोणीस दिवसांत गेले होते. चौथीच्या नावाच्या जागी इथेही ‘बायको’.

पुस्तिका बावन्न पानांची झाली. टाइप मोठा, सोळाचा, कारण जे खरोखर वाचणार ते सत्तरीच्या पुढचे. वंशावळ एकाच मोठ्या कागदावर करायचा मोह आवरला. तो कागद उलगडून बघायला कुणाकडेच एवढं टेबल नसतं. प्रत्येक शाखेचं वेगळं पान केलं आणि समोरचं पान कोरं ठेवलं. हयात माणसांचं फक्त जन्मवर्ष दिलं, तारीख नाही. पीडीएफ कुठे कुठे फिरते ते आपल्या हातात राहत नाही, आणि बँकवाले अजूनही जन्मतारखेवरच माणूस ओळखतात. १८५८ ची माझी चूक पहिल्याच पानावर कबूल केली. पुतण्या म्हणाला, ‘मग बक्षीस परत करू?’

मे महिन्यात गावच्या घरी चाळीस प्रती वाटल्या. पहिल्या दहा मिनिटांत जे व्हायचं ते झालं. एका काकांचं नाव धाकट्या भावाच्या खाली पडलं होतं. दुसऱ्या काकांच्या नावामागे ‘कै.’ छापलं गेलं होतं आणि ते माझ्यासमोर खुर्चीत बसून ते पान वाचत होते. ‘मी गेलो कधी गं?’ एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चाळीस प्रतींवर पांढरी पट्टी चिकटवायला मला संध्याकाळ लागली. पण नंतर कोऱ्या पानांवर पेनं चालायला लागली. बायका लिहीत होत्या. माहेरची नावं, आयांची नावं, मावश्या, एक दत्तक गेलेला भाऊ ज्याचा आजवर कुणी उच्चार केला नव्हता.

तीन आठवड्यांनी सिन्नरहून एका चुलत काकूंचा फोन आला. मी त्यांना आयुष्यात दोनदा भेटलेय. ‘ते पान एकवीसवरचं, धाकट्याचे कुटुंब लिहिलंय ते. आमच्या घंगाळावर एक नाव आहे. कुणाचं ते आम्हाला कधी कळलंच नाही.’

मी आणि आत्या त्याच रविवारी गेलो. तांब्याचं घंगाळ परसात, त्यात अळू लावलेला. काकूंनी अळू माती-मुळांसकट बादलीत काढला, घंगाळ धुतलं आणि चिंच-मिठाने घासायला घेतलं. काठाखाली हळूहळू ठिपके उजळले. भांड्यांवर पूर्वी नावं अशीच घालायचे, हातोडीने टोचा मारत, ठिपक्याठिपक्यांनी. आधी एका बाईचं नाव, मग धाकट्या भावाचं नाव, मग आमचं आडनाव. बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत, शेवटचं अक्षर काठाला धडकून वर चढलेलं.

आत्याने ठिपक्यांवरून बोट फिरवत ते नाव मोठ्याने वाचलं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा.

मी फोटो काढला, तो इथे टाकणारही होते. आत्या म्हणाली, ‘शंभर वर्षं ती घरातसुद्धा कुणाला माहीत नव्हती. आधी घरातल्यांना कळू दे. नेटवर नको.’ म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या प्रतीत पान एकवीसवर ते निळ्या पेनने आहे, बाकी एकोणचाळीस जणांना पोस्टकार्डावर कळवलं. काकूंनी अळू कुंडीत लावला. घंगाळ कुणाकडे राहायचं यावर आता दोन शाखांमध्ये बोलणं बंद आहे.