‘गोल्डन सन’चा पुढचा भाग हवाय

आज सुट्टी होती, दुपारभर ‘गोल्डन सन’ खेळलो. २००१ साली निन्टेंडोच्या गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलवर आलेला, कॅमेलॉट कंपनीने बनवलेला गेम. त्यातली सायनर्जी, म्हणजे पात्रांची जादुई शक्ती, मला आजही सगळ्यात आवडते, कारण ती लढाईबाहेरही चालते. खांब सरकवा, वेल वाढवून कड्यावर चढा, आपल्या चमूतल्या आयव्हनला लोकांच्या मनातलं वाचायला लावा. आज एक अख्खं गाव असंच पालथं घातलं! आणि मोतोई साकुराबाचं संगीत, तेही एवढ्याशा स्पीकरमधून! दुसऱ्या भागात तर पहिल्या भागात ज्याचा पाठलाग केला त्या फेलिक्सच्याच बाजूने खेळायचं. केवढं धाडस! २०१० च्या तिसऱ्या भागानंतर, ‘डार्क डॉन’नंतर, मात्र नवा भाग नाही, आणि तिथे गोष्ट ऐन उत्कंठेवर सोडलीय. निन्टेंडो, ती पूर्ण कराच. आमच्यासारखे अजून थांबलेत.