मेलेल्या दर्यासारंगाची दाढी

"किल्ला म्हणतेस, मग डोंगर कुठाय?" सगळा जन्म साताऱ्यात काढलेल्या माझ्या आईचा फिनलंडमधल्या तुर्कू शहरातला हा पहिला प्रश्न. बाजारचौकातून १ नंबरची बस पकडून आम्ही आउरा नदीच्या मुखाशी उतरलो होतो. समोर सपाट जमिनीवर, एखाद्या दगडी गोदामासारखा तुर्कूचा किल्ला. अजिंक्यताऱ्याशी बरोबरी करायची सोयच नव्हती. मग मी तिला क्लाउस फ्लेमिंगची गोष्ट सांगायला घेतली.

फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. फ्लेमिंग इथला मोठा सरदार, राज्याच्या आरमाराचा प्रमुख आणि वर लष्कराचा मार्शल. १५९२ मध्ये राजा योहान तिसरा वारला आणि गादी मुलाकडे, सिगिस्मुंडकडे आली. तो १५८७ पासूनच पोलंडचा राजा होता, शिवाय कॅथलिक. स्वीडन लुथरपंथी, म्हणजे प्रोटेस्टंट. राजा समुद्रापलीकडे, आणि स्वीडनमध्ये त्याचा चुलता, ड्यूक कार्ल, कारभार हातात घेऊन बसलेला. काका-पुतण्या आणि गादी हे शब्द एका वाक्यात आले की मराठी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. आईने नुसती मान हलवली.

फ्लेमिंग पुतण्याच्या बाजूचा. १५९३ मध्ये तो आरमार घेऊन थेट डान्झिगला, म्हणजे आजच्या ग्दान्स्कला, गेला आणि राजाला स्वीडनला घेऊन आला. राजा राज्याभिषेक उरकून पोलंडला परतला, तरी फ्लेमिंगने फिनलंडमध्ये ड्यूकचा हुकूम चालू दिला नाही. या निष्ठेचं कौतुक वाटतं, पण तिची किंमत कोणी मोजली ते पाहिलं की कौतुक जरा आवरतं घ्यावं लागतं.

रशियाशी २५ वर्षं चाललेलं युद्ध १५९५ मध्ये तहाने संपलं. आता शिपाई घरी जातील असं लोकांना वाटलं. फ्लेमिंगने फौज मोडलीच नाही. ड्यूकशी गाठ पडणार हे तो ओळखून होता. शिपायांना रोख पगार द्यायला पैसा नव्हता, म्हणून ते शेतकऱ्यांच्या घरात राहायचे, त्यांचंच धान्य खायचे, त्यांच्याच घोड्यांना चारा मागायचे. उत्तरेच्या पोह्यानमाचे शेतकरी ड्यूककडे गाऱ्हाणं घेऊन गेले, तर तुमचं तुम्हीच बघा, हातात सोटे आहेत की, अशा अर्थाचं उत्तर त्यांना मिळालं म्हणतात. १५९६ च्या ऐन हिवाळ्यात ते खरंच सोटे घेऊन निघाले. म्हणून या बंडाचं नाव नुइयासोता, सोट्यांचं युद्ध. फ्लेमिंगकडे तोफा आणि घोडदळ होतं. पुढारी याक्को इल्क्का पकडला जाऊन मारला गेला आणि फेब्रुवारी १५९७ मध्ये इल्मायोकीजवळच्या सांतावुओरीला उरलेले शेतकरी बर्फात कापले गेले.

माझी एक सहकारी त्याच भागातली. तिच्यासमोर एकदा मी फ्लेमिंगला "शूर" म्हणाले, तर तिने कॉफीचा कप खाली ठेवला. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट, पण चेहरा असा की काल कोणी तिच्या आजोबांची गुरं हाकून नेली असावीत. तिकडच्या वर्तमानपत्राचं नावसुद्धा 'इल्क्का' होतं.

एवढं करून फ्लेमिंग दोन महिन्यांत, एप्रिल १५९७ मध्ये वारला. अंत्यविधी मानाने व्हावा म्हणून शव किल्ल्यात ठेवलेलं. तेवढ्यात ड्यूक चालून आला. किल्ला लढवला तो फ्लेमिंगच्या बायकोने, एब्बा स्टेनबॉकने. सप्टेंबरअखेर तिला शरण जावं लागलं. पुढचा प्रसंग प्रत्येक फिनिश माणसाला तोंडपाठ. ड्यूकने शवपेटी उघडायला लावली, प्रेताची दाढी ओढली आणि म्हणाला, तू जिवंत असतास तर तुझं डोकं धडावर राहिलं नसतं. एब्बा म्हणाली, ते जिवंत असते तर आपण इथे आत आलाच नसता.

हे घडलं की लोकांनी रचलं, देव जाणे. पण आल्बर्ट एडेलफेल्टने १८७८ मध्ये त्याचं चित्र काढलं आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. चित्र हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे. आईने ते मोबाइलवर पाहिलं. माझी नजर दाढीवर, तिची मात्र बाईवर. "ही त्या ड्यूकची कोण लागते?"

मी इंटरनेटवर शोधलं. एब्बाची आई ब्रिता आणि कार्लची आई मार्गारेता सख्ख्या बहिणी.

"म्हणजे मावसबहीण की गं त्याची!"

एवढ्यावर थांबत नाही. मार्गारेता गेल्यावर तिच्या नवऱ्याने, म्हाताऱ्या राजा गुस्ताव वासाने, तिसरं लग्न केलं ते एब्बाच्या बहिणीशी, कातरीनाशी. म्हणजे ड्यूकची सावत्र आईही मावसबहीणच. आई तिकिटाच्या मागे वंशावळ काढत बसली. शेवटी पेन ठेवून म्हणाली, "मावसबहिणीच्या नवऱ्याची दाढी ओढली मेल्याने."

येताना पायी आलो, नदीकाठाने, जुन्या बाजारचौकापर्यंत. दर नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी बारा वाजता इथल्या ब्रिंक्काला वाड्याच्या गच्चीतून नाताळची शांतता, म्हणजे सण शांततेत पाळायची घोषणा, जाहीर होते, आम्हीही थंडीत कुडकुडत ऐकायला जातो. याच चौकात नोव्हेंबर १५९९ मध्ये ड्यूकने एब्बाच्या तरुण मुलाचं, योहान फ्लेमिंगचं, डोकं उडवलं. हे मी आईला सांगितलं नाही. ती आइसक्रीम खात होती.