अजिंक्यताऱ्यावर गोष्ट कुठे थांबून सांगावी

आज साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडावर शाळेची पोरं होती. दरवाजापाशीच शिलाहार राजा भोजापासून सनावळी सुरू केली की पाचव्या मिनिटाला डबे उघडतात. दरवाजात फक्त एवढंच विचारावं: आत शिरायचं तर तुम्ही कुठून शिराल? मग थेट मंगळाईच्या बुरुजाकडे न्यावं.

तिथं १७०० चा एप्रिल सांगावा. औरंगजेबाचा वेढा डिसेंबरपासून, गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. १३ एप्रिलला मोगलांनी सुरुंग उडवले. पहिल्यानं तट आत कोसळला, प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले! दुसऱ्यानं तट बाहेर, हल्ल्याला टपलेल्या मोगलांवरच पडला. हे सांगताना पोरांना तटाला हात लावू द्यावा. दगडाचं वजन कळलं की सुरुंग कळतो.

नेमकी चूक इथं होते: गोष्ट विजयावर तोडतात. दाणागोटा संपल्यानं आठवड्याभरातच गड द्यावा लागला, त्याचं नाव आजमतारा झालं, हे सांगायलाच हवं. त्याशिवाय तो परत घेतल्याचं आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाचं मोल पोरांना कळत नाही. पाण्याची तळी मात्र आधी दाखवावीत. पाणी होतं, धान्य नव्हतं.