स्वरयंत्राविना बोलणे

तंबाखूच्या व्यसनातून स्वरयंत्राचा कर्करोग झाला आणि शस्त्रक्रियेत सगळे स्वरयंत्र काढावे लागले की माणूस कायमचा मुका होतो, असे आपल्याकडे अजूनही धरून चालतात. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, शस्त्रक्रिया ठरली तेव्हा भेटायला येणाऱ्यांपैकी एकाने त्यांच्यासाठी पाटी-पेन्सिलही आणून दिली होती. आज अण्णा बोलतात, राजकारणावर वाद घालतात आणि भाजीत मीठ कमी पडले तर तेही ऐकवतात. हे बोलणे नेमके कसे घडते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे वरचे टोक गळ्याच्या पुढच्या बाजूला छिद्राच्या रूपाने कायमचे उघडे ठेवतात. श्वास तेथूनच आत-बाहेर होतो, नाकातोंडाशी त्याचा संबंध उरत नाही. त्यामुळे फोडणीचा वास जवळजवळ कळेनासा होतो, खोकला गळ्यातून बाहेर पडतो आणि अंघोळ करताना छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून सतत जपावे लागते. व्हिएन्नामध्ये थिओडोर बिलरोथ यांनी 1873 साली कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढले आणि त्याच रुग्णासाठी त्यांचे सहकारी गुसेनबाउअर यांनी कृत्रिम स्वरयंत्र तयार केले, म्हणजे आवाज परत देण्याची खटपट या शस्त्रक्रियेइतकीच जुनी आहे. अण्णांना लाभलेली पद्धत 1980 साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक मार्क सिंगर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ एरिक ब्लॉम यांनी मांडली. तीत श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला बारीक छिद्र पाडून सिलिकॉनची एकेरी झडप बसवतात. गळ्यावरचे छिद्र अंगठ्याने बंद केले की फुप्फुसातील हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तेथला वरचा भाग थरथरू लागतो आणि त्या थरथरीला जीभ, दात व ओठ नेहमीप्रमाणे शब्दांचा आकार देतात. उलट दिशेने झडप बंद राहते, म्हणून अन्नपाणी श्वासनलिकेत उतरत नाही. अण्णांचा आवाज आता घोगरा आहे, वाक्ये थोडी आखूड झाली आहेत, पण बोलण्याची लकब त्यांचीच आहे. पंगतीत उजवा हात खरकटा असल्यामुळे ते डावा अंगठा गळ्यावर ठेवून बोलतात, आणि नवखा पाहुणा त्या अंगठ्याकडे बघत स्वतःचा घास विसरतो.

बोलता येऊ लागले म्हणजे सगळे झाले, असा माझाही समज होता. खरे काम त्यानंतर सुरू होते. रोज सकाळी अण्णा आरशासमोर उभे राहतात, मी किंवा माझे पती टॉर्च धरतो आणि ते लहानशा ब्रशने झडपेच्या आत साचलेला चिकटा काढतात. तेवढे करूनही काही महिन्यांत झडपेवर बुरशी वाढते आणि ती नीट मिटेनाशी होते. चहाचा घोट घेताच ठसका लागला, की झडप गळू लागल्याचे आम्हाला कळते. परदेशी बनावटीच्या झडपेला हजारो रुपये मोजावे लागतात. बंगळुरूचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी उद्योजक शशांक महेश यांच्या साथीने 'ऑम' नावाची झडप सुमारे 50 रुपयांत तयार केली, याचे मोल अशा घरात राहिल्याशिवाय कळणार नाही. तरीही माझी तक्रार केवळ किमतीबद्दल नाही. झडप स्वस्त झाली तरी ती बदलणारा हात आमच्या तालुक्याच्या ठिकाणी नाही, आणि त्यासाठी मोठ्या शहरात जाण्यात अख्खा दिवस, दोन माणसांचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची रजा खर्ची पडते. जिल्हा रुग्णालयात ही सोय व्हायला कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

झडप गळत असते त्या दिवसांत अण्णा दुसरे साधन वापरतात. ते विजेरीसारखे दिसणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र आहे. ते गळ्याच्या कातडीला टेकवून बटण दाबले की त्यातून निघणारी गुणगुण तोंडात पोहोचते आणि तिच्यातून शब्द घडवावे लागतात. बेल प्रयोगशाळांनी 1960 च्या सुमारास ट्रान्झिस्टरवर चालणारे असे यंत्र आणले, आणि आजच्या यंत्रांचेही मूळ तत्त्व तेच आहे. या यंत्राचा स्वर एकसुरी असतो, हे सगळे सांगतात. मराठीत त्याची अडचण आणखी एका जागी येते. गुणगुण सतत चालू असल्यामुळे 'प' आणि 'ब' यांतला फरक पुसट होतो, आणि फुप्फुसाची हवा तोंडात येत नसल्यामुळे 'ह' जवळजवळ नाहीसा होतो, त्याच्याबरोबर 'ख', 'घ', 'भ' यांचाही जोर जातो. त्यामुळे 'घाई' आणि 'गाई' ऐकणाऱ्याला संदर्भावरूनच ओळखावे लागतात. वाचा-उपचारतज्ज्ञांनी अण्णांना व्यंजने तोंडातल्या हवेने दाबून उच्चारायला शिकवले आहे, आणि समोरासमोर ओठ दिसत असल्यामुळे बरेचसे निभावते.

फोनवर ओठ दिसत नाहीत. एका बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राने अण्णांचा फोन यंत्राचा समजून वारंवार कापला, आणि पुढे मी बोलू लागले तर "खातेदारांनाच बोलू द्या" असे सांगितले. कोणाची बोलण्याची पद्धत वेगळी असू शकते, हे त्या प्रशिक्षणात कोणी सांगत नसावे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात संवादाच्या व्याख्येत पूरक आणि पर्यायी पद्धतींचा स्पष्ट समावेश आहे. आम्ही ते कलम छापून बँकेच्या शाखेत नेले, तेव्हा काम झाले.

आता अण्णा अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचे असले की पहिल्याच वाक्यात स्वतःची अडचण सांगतात आणि फोन ठेवू नका म्हणतात. औषधाच्या दुकानात मात्र ते बोलण्याच्या फंदात पडत नाहीत. गोळ्यांची नावे एकमेकांसारखी असतात, म्हणून चिठ्ठीच पुढे करतात.