निपाणीमार्गे बेळगाव : निकोटिनच्या आकड्याचा माग

कोल्हापूरहून बेळगावला थेट गाड्या आहेत, पण संगणकी विषशास्त्राच्या कार्यशाळेला निघाला असाल तर वाटेत निपाणीला उतरा. कागल सुटलं, कोगनोळीचा टोलनाका गेला, की निपाणी आलीच. ओळखीपाळखीने एखाद्या तंबाखूच्या वखारीत शिरायला मिळालं तर सोडू नका. आम्हाला मिळालं. बायका नाकातोंडावर पदर बांधून तंबाखू चाळत होत्या, कवडशात भुकटी तरंगत होती आणि दारात उभ्याउभ्याच आमचा घसा धरला. "आमाला सवय झालीया की. नवी बाई आली की पयल्यांदा गरगरतंय तिला," एक मावशी म्हणाल्या. निकोटिन श्वासातून जातं तसं कातडीतूनही अंगात जातं. ओल्या पानांत राबणाऱ्या शेतमजुरांना म्हणूनच मळमळ आणि चक्कर येते.

बेळगावातल्या कॉलेजात पहिला सराव नेमका निकोटिनवरच निघाला. रेणूची रचना टाकायची, आणि तशाच हजारो रेणूंच्या जुन्या चाचण्यांवरून हा कितपत विषारी ठरेल ते संगणकातल्या मॉडेलला विचारायचं, एवढीच कल्पना. पण आधी शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, माणूस मरायला किती निकोटिन लागतं? सगळ्यांनी पाठ असलेलं उत्तर दिलं : 60 मिलिग्रॅम. हा आकडा आला कुठून, याचा छडा ऑस्ट्रियातल्या ग्राट्सचे औषधशास्त्रज्ञ बर्न्ड मायर यांनी 2014 मध्ये लावला. पुस्तकामागून पुस्तक मागे जात ते पोचले एकोणिसाव्या शतकात काहींनी स्वतःवरच केलेल्या, फारशा भरवशाच्या नसलेल्या प्रयोगांपाशी. विषबाधेच्या प्रत्यक्ष नोंदी पाहता पोटात गेलेली मारक मात्रा किमान अर्धा ते एक ग्रॅम असावी, असं त्यांनी मांडलं. म्हणजे जवळपास दसपट फरक! आणि जुना आकडा इतकी वर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिला.

माझ्या मते या कार्यशाळेचं सार इथेच आहे. डेटा खुला असणं म्हणजे फुकट मिळणं नव्हे, आकड्याच्या उगमापर्यंत जाता येणं. अमेरिकेतल्या टॉक्स21 प्रकल्पात चार सरकारी संस्थांनी मिळून सुमारे 10,000 रसायनं यंत्रमानवांकरवी पेशींवर तपासली आणि निकाल सगळ्यांसाठी मोकळे केले. कॅटमॉस या उपक्रमात संशोधकांच्या 35 गटांना उंदरांवरच्या तीव्र विषबाधेची 11,992 रसायनांची माहिती दिली गेली, त्यांनी 139 मॉडेलं पाठवली आणि त्यांचं एकमत काढलं गेलं. ते आता ओपेरा या मोफत प्रणालीत मिळतं. एकट्या गटाच्या मॉडेलला जे जमत नाही ते बरेचदा पंचांना जमतं.

दुपारचं सत्र डेटा धुण्याचं. निकोटिन आणि त्याचाच क्षार असलेलं निकोटिन सल्फेट या दोन नोंदी, दोन वजनं. क्षाराचा भाग काढून रचना सारखी केली नाही तर एकच रेणू यादीत दोनदा बसतो आणि मॉडेलला शिकवताना एक, तपासताना दुसरा वापरला गेला की मॉडेल आहे त्यापेक्षा हुशार दिसतं. निम्मा वर्ग चहाला पळाला होता, पण माझ्या लेखी हेच सत्र सगळ्यात मोलाचं.

खानापूरकडच्या एका वैद्यांनी काढ्याच्या विषारीपणाचं विचारलं. घाटातल्या नरक्या झाडातल्या कॅम्प्टोथेसिन या द्रव्याचं भाकीत मॉडेल देईल, कारण तो एक रेणू आहे, त्याची रचना माहीत आहे. काढा म्हणजे शेकडो रेणू, तेही उकळलेले. तिथे मॉडेलने "हे माझ्या आवाक्याबाहेरचं" असं सांगायला हवं आणि चांगली मॉडेलं तसं सांगतात. रेणू आवाक्यात आहे की नाही हे सांगणारा भाकिताशेजारचा रकाना न वाचता आकडा उचलणारे पुष्कळ भेटतील. वनस्पतींतल्या रेणूंची यादी हवी असेल तर चेन्नईच्या गणिती विज्ञान संस्थेचा इम्पॅट संग्रह बघा, 2.0 आवृत्तीत 4,010 भारतीय औषधी वनस्पती आहेत.

जाणाऱ्यांनी सगळं सॉफ्टवेअर घरूनच उतरवून न्यावं. ओपेराला लागणारं मॅटलॅब रनटाइम भलंमोठं आहे, कॉलेजच्या वायफायवर दिवस जाईल. असंच भाकितं करणारा, ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचा क्यूसार टूलबॉक्स फक्त विंडोजवर चालतो, व्हेगा या तशाच सॉफ्टवेअरला जावा लागतं. केम्बल या रेणूंच्या खुल्या संग्रहाचा डेटा वापरून काही प्रसिद्ध करणार असाल तर परवान्यातली अट वाचा : श्रेय द्यावं लागतं आणि त्यावरून बेतलेलं कामही त्याच अटीवर खुलं ठेवावं लागतं.

डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉजवर खोली मिळणं कठीण, आणि 1 नोव्हेंबरच्या आसपास सीमाप्रश्न तापला तर एसटी निपाणीच्या अलीकडेच थांबते, तेव्हा रेल्वे बरी. जुलै-ऑगस्टचा पाऊस लॅपटॉपच्या बॅगेला सोसत नाही. गाडीवरची पाटी कानडीत असली तरी कंडक्टरला मराठीत बिनधास्त विचारा. परतताना कुंदा घ्यायचा तर निघायच्या दिवशीच घ्या.